राजाच्या नावाची जागा

"तू भरतनाट्यम शिकलीयेस ना?"

एचआरमधल्या मुलीनं मला पॅन्ट्रीत गाठून हे विचारलं, त्या दिवशी मला बेंचवर बसून एक्केचाळीस दिवस झाले होते.

आयटीत नसलेल्यांसाठी सांगते. एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही की तुम्ही बेंचवर जाता. पगार चालू, काम बंद. ऐकायला हे सुख वाटतं, माझ्या आईला तर अजूनही वाटतं. पण रोज सकाळी लॅपटॉप उघडून, ज्यांच्याकडे माणसं लागणार आहेत अशा मॅनेजरांना "काही ओपनिंग असेल तर कळवा" असे मेल टाकायचे आणि उत्तर नाही आलं की दोन दिवसांनी तोच मेल जरा आणखी हसतमुख करून पाठवायचा, याला सुख म्हणत नाहीत. आमच्याकडे साठ दिवसांची मर्यादा होती. कुठेच लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. साठीनंतर मीटिंगचं आमंत्रण येतं आणि त्या मीटिंगला विषय नसतो.

तेव्हा मी "हो, शिकलेय" म्हणाले. पुढे काय आहे हे न विचारताच.

पुढे होता अॅन्युअल डे. थीम 'रॉयल नाइट'. व्हाइस प्रेसिडेंट सर राजाच्या वेशात येणार, डोक्यावर छत्र, बाजूला चवऱ्या, मागे 'मल्हारी'. त्यांच्यापुढे आठजणी नाचत येणार. मध्ये चाळीस सेकंद 'क्लासिकल टच', तो मी द्यायचा. आठजणींना शिकवायचंही मीच. "सर स्वतः बघणार आहेत," ती म्हणाली. म्हणजे नेमकं काय ते दोघींनाही कळलं होतं. साठाव्या दिवसाआधी कुणा मोठ्या माणसाला आपला चेहरा माहीत असणं ही काही वाईट गोष्ट नाही.

त्या रात्री खोलीत फोन टेबलाला टेकवून उभी राहिले. दहा वर्षांनी. राजा दाखवायचाय, तर हात आपोआप गेले. दोन्ही त्रिपताक डोक्याच्या बाजूंना, मुकुट. मग शिखर, म्हणजे मूठ मिटून अंगठा वर. नायक, पती, स्वामी, जो कोणी 'तो' असेल तो या हातानं दाखवतात. फोनच्या स्क्रीनवर स्वतःला बघितलं आणि हसू आलं. हुबेहूब लाइकचं बटण. टीम्सवर आम्ही दिवसभर मॅनेजरच्या प्रत्येक मेसेजला हेच करत असतो की.

हात मात्र तिथे थांबले नाहीत. पुढचं सगळं येत गेलं, वर्णममधलं.

वर्णम म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात दमवणारा प्रकार. शुद्ध नृत्त आणि अभिनय आलटून पालटून. कथा बहुतेक वेळा एकच असते. नायिका 'त्या'च्या विरहात आहे, सखीला सांगते आहे की जा, त्याला घेऊन ये, माझ्याकडे बघत का नाही तो, माझं काय चुकलं. माझ्या एक्केचाळीस दिवसांच्या मेलचा मजकूर साधारण हाच होता, फक्त सखीच्या जागी रिसोर्स मॅनेजमेंट टीम होती.

मी हे सांगलीत शिकले. आठवीत असताना माझं अरंगेत्रम झालं. साडी, दागिने, वादक, हॉल, फोटो, जेवण, ताईंची गुरुदक्षिणा. पप्पांनी पीएफमधून पैसे काढले, हे मला नंतर नोकरी लागल्यावर कळलं. प्रमुख पाहुणी म्हणून टीव्हीवरच्या तेव्हाच्या एका गाजलेल्या मालिकेतली नायिका बोलावली होती. ती येणार म्हणून तिकिटं लावायची गरज पडली नाही, हॉल तुडुंब. ती दीड तास उशिरा आली. तोवर आम्ही सुरुवात केली नाही. मी मेकअप करून, पायात घुंगरू बांधून, पाणी न पिता विंगेत बसून होते. ती आली, दिवा लावला, सत्कार झाला, ती बोलली, लोकांनी फोटो काढले, आणि ताई विंगेत येऊन म्हणाल्या, "वर्णम अर्धं करायचं. हॉल साडेनऊला सोडायचाय."

मी दोन वर्षं बसवलेलं छत्तीस मिनिटांचं वर्णम अठरा मिनिटांत संपवलं. कुठल्या ओळी गाळायच्या ते ताईंनी विंगेत उभं राहून बोटांवर सांगितलं. "पण ताई..." असं म्हणायची सोय आमच्या क्लासमध्ये नव्हती. तिथे आपण नमस्कार करून आत जायचो आणि नमस्कार करून बाहेर यायचो. ती अभिनेत्री तर पहिल्याच नाचानंतर निघून गेली होती. तिचा दोष होता असं मला आता वाटत नाही. तिला कुणीतरी सुपारी देऊन आणलं होतं, पुढे तिला कोल्हापूर गाठायचं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की स्टेजवर नाचणारी एक असते आणि नाच दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

दहावीनंतर क्लास सुटला. मग बारावी, इंजिनिअरिंग, पुणे.

दोन वर्षांपूर्वी क्लायंटच्या कामासाठी तीन महिने चेन्नईत होते. ऑफिसच्या बाहेर कुणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही, म्हणून शनिवार-रविवार आसपास हिंडायचे. एका शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं तंजावरला गेले. अपेक्षा होती ती मोठ्या देवळाची. मराठी माणूस म्हणून 'आपले' भोसले तिथे होते एवढं शाळेत वाचलेलं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तिथे गेले, १८५५ पर्यंत त्या घराण्याची गादी टिकली. पण वर्णमचा आणि या भोसल्यांचा संबंध आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये आम्हाला भरतनाट्यम 'पाच हजार वर्षं जुनं' असं शिकवलं होतं.

जुनं असेल. पण आज ज्या क्रमानं कार्यक्रम होतो, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो क्रम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या दरबारातल्या चार भावांनी बसवला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. दरबार मराठी, सरफोजी दुसरे आणि मग त्यांचा मुलगा शिवाजी यांचा. पुढे चिन्नय्या म्हैसूरला गेला, वडिवेलू त्रावणकोरला. सरफोजींच्या नावावर तर मराठीत नृत्यासाठी रचलेली निरूपणं आहेत. एकेका कथेचे अठरा भाग, जयजयपासून मंगळापर्यंत, मध्ये शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा सगळं. मी अकरा वर्षं तमिळ आणि तेलुगू ओळी अर्थ न कळता देवनागरीत लिहून पाठ केल्या आणि माझ्याच भाषेत हे पडलेलं होतं.

यातली खरी गंमत त्या राजात आहे. सरफोजी दत्तक. गादी आधी अमरसिंहाकडे गेली, मग कंपनीच्या मदतीनं १७९८ मध्ये सरफोजींना मिळाली. आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, तहावर सही झाली. राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. हा माणूस बावीस वर्षांचा होता तेव्हा. पुढची तेहेतीस वर्षं त्यानं सैन्य हलवलं नाही, कर बसवला नाही. ग्रंथ जमवले, छापखाना काढला, दवाखाना चालवला, आणि दरबारात नाच होत राहिला. त्या नाचातल्या काही रचनांत नायिका ज्याच्यासाठी झुरते तो 'तो' म्हणजे तंजावरचा राजा. शूर, दाता, मदनासारखा देखणा, पृथ्वीपती. पृथ्वी किल्ल्याच्या भिंतीपाशी संपत होती, हे नाचणारीलाही माहीत असणार, बघणाऱ्यांनाही, आणि राजाला सगळ्यात जास्त.

राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. हात जोडून उभा. राजाचा पुतळा तलवारीवर हात ठेवून किंवा घोड्यावर बघायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तो बराच वेळ कुणा पाहुण्याचं स्वागत करणाऱ्या यजमानाचा वाटला.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की या राजस्तुतीच्या रचनांपैकी काहींमध्ये पुढे राजाचं नाव काढून तिथे देवाचं घातलं गेलं. विसाव्या शतकात हा नाच दरबारातल्या आणि देवळांतल्या स्त्रियांकडून मध्यमवर्गाच्या घरांत आला. रुक्मिणीदेवी १९३५ मध्ये अड्यारला नाचल्या, ही त्या बदलाची खूण. १९४७ मध्ये मद्रास सरकारनं देवदासी अर्पण करण्यावर कायद्यानं बंदी आणली. चांगल्या घरच्या मुलींनी कुणा माणसासाठी झुरायचं कसं, तर तो माणूस नको, देव हवा. नाव बदललं. हात तोच राहिला, अंगठा वर. माझ्या वर्णममध्ये 'तो' बृहदीश्वर होता. आधी कुणी दुसरा होता की नाही, मला ठाऊक नाही. ताईंना विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

राजाचं नाव गेलं याचं मला फार वाईट वाटत नाही. राजांची नावं टिकवायला भरपूर माणसं असतात. त्याच बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. भलामोठा. तमिळ उन्हात उभं राहून देवनागरी अक्षरं लावत मी अर्धा तास काढला आणि मान दुखायला लागल्यावर सोडून दिलं.

पण त्याच देवळाच्या भिंतीवर आणखी एक यादी आहे, जवळपास आठशे वर्षं आधीची. देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळानं, १०१४ च्या सुमारास, देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे स्त्रिया आणल्या. त्या चारशेजणींची नावं तिथे कोरलेली आहेत. नुसती नावं नाहीत. कोणती गल्ली, कोणती रांग, कितवं घर, मूळ कुठल्या देवळातली. आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. मला तमिळ वाचता येत नाही, भाषांतर नंतर वाचलं. वाचताना एक्सेल शीट आठवलं, आमचं सीट अलोकेशनचं असतं ना, विंग, मजला, बे नंबर. त्या बायकांना कुणी विचारून आणलं नसणार, हे मलाही कळतं. राजानं हुकूम काढला, त्या उठून आल्या. तरी नाव आहे. नवव्या घरात कोण राहत होती ते हजार वर्षांनी सांगता येतं.

मराठी दरबाराच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. पापम्माळ नावाची एक कलावंत अठराव्या शतकात तंजावर दरबारी होती, हे आपल्याला मुख्यतः तिच्या वंशात पुढे बालसरस्वती झाली म्हणून माहीत. आणि गौरा आणि कांतिमती. सयाजीराव गायकवाडांचं १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर बडोद्याला ज्या गोष्टी गेल्या त्यांत नर्तकी होत्या, त्यांचे नट्टुवनार आणि वादकही. आंदण म्हणून. हा शब्द मी तीन ठिकाणी वाचला आणि तिन्ही ठिकाणी तो सहज आला होता, भांडी-दागिन्यांच्या ओळीत. कांतिमतीचा मुलगा कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवायचा, म्हणून तिचं नाव मुलाच्या मागे चालत आपल्यापर्यंत आलं.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी कॅफेटेरियात टेबलं बाजूला सरकवून 'मल्हारी' बसवत होते. आठजणींत दोघी टेस्टिंगमधल्या, एक पेरोलमधली, एक नुकतीच जॉइन झालेली फ्रेशर जिला उजवा-डावा कळत नव्हता, पण जी सगळ्यात मनापासून नाचायची. मला रोज संध्याकाळी सात वाजायची वाट बघावीशी वाटायला लागली, हे कबूल करते. त्या दोन तासांत मी बेंचवर नसायचे.

तिसऱ्या दिवशी सर आले. पन्नाशीतला माणूस, पोट जरा पुढे, आयडी कार्ड शर्टच्या खिशात खोचलेलं. सगळ्याजणी ताठ उभ्या राहिल्या.

"मी काय करायचंय?"

"तुम्ही फक्त चालत यायचं सर. मग सिंहासनावर बसायचं."

"एवढंच? मलाही चार स्टेप्स दे की."

हे मला अपेक्षित नव्हतं. राजानं स्वतः नाचायचं असतं का? सिनेमातला बाजीराव नाचतो. फ्रान्सचा चौदावा लुई तर चौदा वर्षांचा असताना, १६५३ मध्ये, बॅलेमध्ये उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला आणि 'सूर्यराजा' ही प्रतिमा त्याला जन्मभर चिकटली. त्याचे सरदार त्याच्याभोवती नाचत होते. थोड्याच वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या काहींनी बंड केलं होतं. तिथे नाच म्हणजे कोण कुणाभोवती फिरणार याचा नकाशा होता. पण आमच्या सरांच्या मनात सूर्य वगैरे काही नव्हतं. त्यांना नाचायचं होतं.

त्यांना चार स्टेप्स जमेनात. पाय मोजत, ओठांनी एक दोन तीन म्हणत ते पुन्हा पुन्हा करत राहिले. सगळ्या गेल्यावरही पंधरा मिनिटं थांबले. पाणी पिताना विचारलं, हे क्लासिकलचं मधलं काय आहे. मी तंजावर सांगितलं, राजा सांगितला, १७९९ चा तह सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे डेझिग्नेशन राहिलं, बजेट गेलं," ते म्हणाले.

"हो सर."

"आमचं जानेवारीतच गेलं. अमेरिकेला." बाटलीचं झाकण लावता लावता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते म्हणाले. मग, "हे बोलू नकोस कुणाला."

मी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुढे मुकुटाचा हात करताना मला त्यांच्या डोळ्यांकडे बघणं अवघड झालं. ज्याच्या नजरेत राहण्यासाठी मी हे करत होते, त्याच्या हातात मला द्यायला काही नव्हतं. आणि मी थांबले नाही. थांबता आलं असतं. आठजणींचा नाच बसत आला होता, म्हणून थांबले नाही असं मी स्वतःला सांगितलं. अर्धं तेच खरं होतं. उरलेलं अर्धं, साठ दिवसांचं गणित अजून चालू होतं.

कार्यक्रम छान झाला. छत्र एकदा कलंडलं, फ्रेशरनं ते नाचता नाचता सरळ केलं. सर चारही स्टेप्स बरोबर नाचले, आणि पाचवी स्वतःची घातली, जी मला आजही कळलेली नाही. हजारभर माणसं उभी राहून ओरडत होती. सिंहासनावर बसल्यावर ते इतके खूश दिसत होते की क्षणभर मला वाटलं, बजेट परत आलं की काय.

माझा पंचावन्नाव्या दिवशी प्रोजेक्ट लागला. सरांमुळे नाही. रिहर्सलला येणाऱ्या पेरोलवालीचा नवरा दुसऱ्या अकाउंटला लीड होता, त्याच्या टीममध्ये जागा होती. सात आठवड्यांनी सरांचं नाव टीम्सवर करडं झालं. निरोपाचा मेल आला नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्ग चार्टमध्ये त्यांचा चौकोनच नव्हता, खालच्या रेषा परस्पर वर जोडलेल्या.

व्हिडिओ मात्र कंपनीच्या पेजवर तसाच आहे. खाली लिहिलंय, 'आमच्या नेतृत्वाची शाही एंट्री'. नाचणाऱ्या कोण याचा उल्लेख नाही. परवा रात्री सहज बघताना मी खाली कमेंट टाकली. आठजणींची नावं, टीम, विंग, मजला, बे नंबर. फ्रेशरचं नाव आधी. नृत्यदिग्दर्शन म्हणून माझं शेवटी. सकाळी एचआरचं हृदय आलेलं होतं आणि त्याखाली एका अकाउंटवरून विचारलेलं, "आणि मी? चार स्टेप्स केल्या होत्या." प्रोफाइल फोटोत त्याच रात्रीचा फेटा.

मी कमेंट एडिट करून त्यांचं नाव घातलं. मजला आणि बे नंबर काय लिहायचा ते कळेना. तेवढा रकाना रिकामा ठेवला.